उसनं विरजण

आज तारा तिच्या घरावर.
सहा टोकांचा, पत्र्याचा, काठीला टांगलेला.
गेल्या वर्षीच्या वादळात एक टोक वाकलं, ते अजून तसंच.
तारा लागला की समजायचं, या घरातली बिअर पिकली,
बैठकीची खोली आता गावाची,
सोमवारपर्यंत, नाहीतर पिंप आटेपर्यंत.

ओबरफाल्झच्या या टेकड्यांत असंच चालतं.
गावाची काहील एकच, चूल एकच,
लाकडं आळीपाळीनं फोडायची, भाडं पेटीत टाकायचं,
पहाटे जवाचा रस निवला की ट्रॅक्टरवरच्या टाकीतून
ज्यानं त्यानं आपापल्या घरी न्यायचा.
तिथवर सगळ्यांचं सारखं.
पुढचं तळघर ठरवतं.

माझं तळघर मला एक्केचाळीस वर्षं ओळखतं.

फेब्रुवारीत नोटबुर्गा आली, दुधाची किटली घेऊन.
'विरजण द्याल थोडं?' एवढंच म्हणाली.
बाप गेल्यावर त्यांच्या यीस्टकडे कुणी पाहिलंच नव्हतं,
बरणीत काळं पडलं.
तिच्या बापाशी, लिओनहार्टशी,
मी अकरा वर्षं बोललो नव्हतो.
कारण विचाराल तर एक अक्रोडाचं झाड
आणि त्याची पानं कुणाच्या पन्हळीत पडतात, हे.
झाड पडलं. पन्हळ बदलली. आम्ही दोघं तसेच.
मयताला गेलो होतो, पण मागे उभा राहिलो.

मी किटली भरून दिली.
झाकणातून फेस वर येत होता,
रस्ताभर फुसफुसत गेली.

आज आत शिरलो तेव्हा बाकांवरचं बोलणं
जरा खाली बसलं, फेस बसतो तसं.
क्रेसेन्झनं सरकून जागा दिली.
कोर्बिनियान पत्ते पिसत राहिला, वाटायचं विसरून.
नोटबुर्गानं पेला आणून ठेवला आणि तिथून हलली नाही.

पहिला घोट: पावाची करपलेली कड.
बरोबर. हे माझंच.
दुसऱ्यात काहीतरी तुरट, ओल्या सालीसारखं,
कसली साल ते मी सांगणार नाही.
तिसऱ्यानंतर कडूपणा,
उशिरा, जिभेच्या पार मागच्या अंगाला,
पाहुणे उठल्यावर बोलायला लागणाऱ्या माणसासारखा.
लिओनहार्ट असाच होता.

एक्केचाळीस वर्षं हे यीस्ट माझ्या घरात आहे,
माझ्याशी एकदाही असं बोललं नाही.

सगळे माझ्या तोंडाकडे.
आमच्याकडे कुणी वाहवा करत नाही,
'चालेल' म्हटलं तरी माणूस आठवडाभर ताठ चालतो.
मी म्हणालो, 'जरा जास्तच गार आहे.'
'आमचं तळघर थंड,' ती म्हणाली.
'बाबा म्हणायचे, तुमचं उबदार आहे,
म्हणून तुमची घाई होते.'
कोर्बिनियानला खोकल्याची उबळ आली.
मी रिकामा पेला पुढे सरकवला.
तिनं पेल्याखालच्या पुठ्ठ्यावर
पेन्सिलीनं दुसरी रेघ ओढली.

चार झाल्या शेवटी.
पाचवी आडवी असते, ती मी मारू दिली नाही.
डॉक्टरांना चारच सांगायच्या ठरल्यात.

निघताना दारात तिनं किटली हातात दिली.
रिकामी, धुतलेली असेल म्हणून हलकीच धरली,
तर मनगट खाली गेलं.
'उसनं होतं ना,' म्हणाली.

गुरुवारी काहिलीवर माझी पाळी.
माझं जुनं विरजण फडताळात आहे, हे तिचं पायरीवर.
झाकण सैल ठेवलंय. रात्री आवाज येतो.
बायको विचारते, कोणतं घालणार?
तळघराला विचारतो, म्हणतो मी,
आणि दिवा न लावता
तिसऱ्या पायरीवर बसून राहतो.